भूमीचे विश्वस्त : आचार्य विनोबा भावे

हुबळीत राहून ज्याने दुर्गदबैल पाहिले नाही असा मनुष्य विरळाच. कन्नड भाषेत बयलु म्हणजे मोकळी जागा, मैदान. दुर्गाजवळचे मैदान ते दुर्गदबैल. आज तेथे दुकानांची दाटी आहे, भाजीपाला आणि कापडचोपड यांची खरेदी-विक्री चालते, आणि दिवस मावळला म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती माणसांची झुंबड उडते. या बाजारावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात, तेव्हा त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु मोकळेपणा जागेतून गेला आणि केवळ नावात उरला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गावाचे मैदान, गुरांचे गायरान, गरिबाचे चार बिघे शेत ही राखावयाची तर ती कोणी राखावी? राजाने, सरकारने, धनिकाने, की गावाने? या एका प्रश्नासाठी महाराष्ट्रात जन्मलेल्या एका पुरुषाने आपल्या उतारवयातील तेरा वर्षे अनवाणी मनाने आणि थकल्या पायांनी भारतभूमी तुडविली. त्या आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र, विशेषतः त्यातील भूमीचा अध्याय, आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहोत.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरराव बडोद्यास नोकरीला होते. त्यांची वृत्ती शास्त्रीय आणि स्वभाव काटेकोर होता. आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडच्या. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण भक्ती, व्रतनिष्ठा आणि दुसऱ्यास आधी देऊन मग आपण खाण्याची रीत त्यांनी मुलांच्या हाडीमाशी खिळविली. वडिलांकडून गणित आणि आईकडून भक्ती असा दुहेरी वारसा विनोबांस लाभला. बाळकोबा आणि शिवाजी हे त्यांचे धाकटे बंधूही पुढे आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवेत रमले. एकाच घरातील तिघे भाऊ या वाटेने गेले, यावरून त्या माउलीच्या संस्कारांचे बळ ध्यानी यावे.

बडोद्यास शिकत असता विनायकाची बुद्धी तीव्र म्हणून प्रसिद्ध होती; मात्र प्रशस्तिपत्रांचे आणि नोकरीचे आकर्षण त्याला कधीच वाटले नाही. आपली प्रमाणपत्रे त्याने एके दिवशी आईच्या देखत चुलीत टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयाचे म्हणून तो गाडीत बसला आणि सुरतेस उतरून काशीच्या वाटेला लागला. संस्कृताचे अध्ययन करावे आणि पुढे हिमालयात जावे, असा त्याचा मनोदय होता. काशीत असतानाच त्या वर्षी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या निर्भय भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला. त्याने शंका विचारणारी पत्रे लिहिली; उत्तरे आली, आणि अखेर भेटीचे बोलावणे आले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात वीस वर्षांचा हा तरुण गांधीजींपुढे उभा राहिला. हिमालयाची शांती आणि क्रांतीची ओढ ही दोन्ही त्याला तेथेच सापडली.

एप्रिल १९२१ मध्ये गांधीजींच्या आज्ञेने विनोबा वर्ध्यास आले. पुढली तीस वर्षे सूतकताई, शेती, भंगीकाम, अध्यापन आणि चिंतन यांत गेली. याच काळात त्यांनी आईच्या इच्छेला स्मरून भगवद्गीतेचा गीताई हा सममराठी अवतार रचिला, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी उतरून घेतली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली, तेव्हा कोठे देशाला हे नाव ठाऊक झाले. १९४२ नंतरच्या कारावासात वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही दाक्षिणात्य भाषा अभ्यासिल्या. कन्नड लिपीला त्यांनी लिप्यांची राणी म्हणून गौरविले, असे या प्रांतात आजही अभिमानाने सांगतात. ज्याच्याकडून काही मागावयाचे त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे, हा पाठ पुढे त्यांना पदोपदी उपयोगी पडला.

स्वातंत्र्य आले, गांधीजी गेले. तेलंगणात जमीनदार आणि भूमिहीन यांच्यामध्ये रक्तपात माजला होता. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादनजीक शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरले. विनोबा वर्ध्याहून तेथपर्यंत पायीच गेले आणि संमेलन आटोपल्यावर त्या होरपळलेल्या मुलखात शिरले. १८ एप्रिल रोजी ते नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी पोहोचले. तेथील चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांना सांगितले की, ऐंशी एकर जमीन मिळाली तर आम्ही कष्ट करून पोट भरू. सरकारकडे शब्द टाकावा असे विनोबांच्या प्रथम मनात आले. परंतु सरकारी कागद हलावयास किती काळ लागेल कोण जाणे, म्हणून त्यांनी सायंकाळच्या सभेत गावकऱ्यांनाच विचारले की तुमच्यापैकी कोणी काही देऊ शकेल काय. तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि आपली शंभर एकर जमीन देत असल्याचे त्यांनी जाहीर केले. मागितले होते ऐंशी, मिळाले शंभर. त्या रात्री विनोबांस नीट झोप आली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भूदानाचा जन्म असा झाला.

यानंतर विनोबा थांबले नाहीत. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांवर जसा कोणाचा खाजगी हक्क नाही तसाच तो जमिनीवरही असू नये. ज्याच्या हाती ती आहे तो तिचा मालक नसून विश्वस्त आहे, हा त्यांचा सिद्धान्त होता. पाच मुले असलेल्या बापास ते सांगत की, दरिद्रनारायणाला आपला सहावा मुलगा समजा आणि त्याचा वाटा त्याला द्या. या हिशेबाने देशातील लागवडीच्या जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर, मिळवावयाचा संकल्प त्यांनी सोडला. तेलंगणात सुमारे बारा हजार एकर मिळाले. सप्टेंबर १९५१ मध्ये पवनारहून ते पायी दिल्लीस निघाले. पुढे उत्तर प्रदेश झाला, आणि मग बिहारात त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ पदयात्रा केली. जयप्रकाश नारायण यांच्यासारख्या नेत्याने १९५४ साली बोधगयेच्या संमेलनात आपले उर्वरित जीवन या कार्यास वाहिले. पहाटे काळोखातच निघावे, दहा-बारा मैल चालून नवा गाव गाठावा, सभा घ्यावी, दानपत्रे स्वीकारावी आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघावे, असा हा क्रम १९६४ च्या एप्रिलात पवनारला परत येईपर्यंत चालला.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दानपत्रावर सही झाली म्हणजे जमीन गरिबाच्या हाती पडली असे होत नाही. जमीन कोठे आहे, तिच्या चतुःसीमा कोणत्या, ती देणाऱ्याच्या नावावर आहे काय, तिच्यावर कर्जाचा बोजा किंवा भाऊबंदांचा दावा आहे काय, हे सारे तपासावे लागते. यासाठी राज्याराज्यांतून भूदान यज्ञाचे कायदे झाले. उत्तर प्रदेशाचा कायदा १९५२ चा, तेव्हाच्या मध्य प्रदेशाचा १९५३ चा, बिहारचा १९५४ चा. विदर्भ त्या काळी मध्य प्रदेशात असल्यामुळे तेथील दानांस हाच मध्य प्रदेशाचा कायदा लागू झाला. दानपत्र महसुली अधिकाऱ्यापुढे जावे, हरकती मागवाव्या, त्या नसल्यास जमीन भूदान मंडळाच्या स्वाधीन व्हावी आणि मंडळाने ती भूमिहीनास द्यावी, अशी ही व्यवस्था होती. वाटप गावाच्या उघड्या सभेत करावे आणि निदान तिसरा हिस्सा हरिजनांस द्यावा, असा विनोबांचा आग्रह असे. ज्याला जमीन मिळे त्याच्या मुलाबाळांकडे ती वारशाने जाई, परंतु ती विकण्याची त्यास मुभा नसे. सावकाराने अडचणीच्या दिवशी ती गिळू नये म्हणून घातलेले हे कुंपण होते.

तरीही एकेकट्या गरिबाला मिळालेला तुकडा एकेकटाच राहतो. बैल नाही, बियाणे नाही, विहीर नाही, अशा स्थितीत त्याने ती भूमी कशी राखावी? या अडचणीतून ग्रामदानाची वाट निघाली. १९५२ साली उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यातल्या मंगरोठ गावच्या लोकांनी आपली सारी जमीन एकत्र अर्पण केली. १९५५ साली ओरिसातील कोरापुट जिल्ह्यात शेकडो आदिवासी गावे ग्रामदानी झाली आणि तेथील विकासाची धुरा अण्णासाहेब सहस्रबुद्धे या मराठी कार्यकर्त्याने वाहिली. खानदेशच्या सातपुड्यात अक्राणी महालातही ही लाट पोहोचली. पुढे १९६५ च्या सुमारास सुलभ ग्रामदानाचे नियम ठरले. गावातील निदान पाऊणशे टक्के जमीनधारकांनी आपली मालकी ग्रामसभेच्या नावे करावी. विसावा हिस्सा भूमिहीनास द्यावा. उरलेली जमीन पूर्वीप्रमाणे आपणच कसावी. उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोशात टाकावा. आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून जमीन गावाबाहेर जाऊ नये. ज्याचा नांगर त्याचे पीक, पण भूमी साऱ्या गावाची, असा त्याचा मथितार्थ.

१९५७ साली विनोबा आपल्या कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आले. त्या सप्टेंबरात म्हैसूरजवळ येलवाल येथे ग्रामदान परिषद झाली. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रीपाद असे परस्परांहून भिन्न मतांचे पुढारी तेथे एकत्र बसले आणि सर्वांनी ग्रामदानाची वाखाणणी केली. जय जगत् हा विनोबांचा प्रसिद्ध घोषही याच कर्नाटक यात्रेतला. मायमराठीत वाढून कन्नड मुलखात राहणाऱ्या आम्हां लोकांना भाषेची आणि प्रांताची कुंपणे ओलांडणारा हा घोष विशेष जवळचा वाटतो.

आता चरित्राचा जो भाग सांगावयाचा तो थोडा कठीण आहे. परंतु थोर पुरुषाचे केवळ गुणगान करावे आणि त्याच्या कार्यातून मिळणारा धडा सोडून द्यावा, हे त्या पुरुषासही आवडले नसते. येलवालच्या आदल्या वर्षी, १९५६ च्या नोव्हेंबरात, तमिळनाडूतील पळणी येथे सर्व सेवा संघाची बैठक झाली. भूदानाचे काम तेव्हा ठिकठिकाणच्या समित्या करीत आणि त्यांना गांधी स्मारक निधीतून द्रव्य मिळे. लोकांची चळवळ लोकांच्याच बळावर चालावी, तिला पगाराची आणि कचेरीची सवय लागू नये, या उदात्त हेतूने समित्या विसर्जित करावयाचे आणि निधीचे साहाय्य थांबवावयाचे ठरले. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती अशी त्यास नावे मिळाली. हेतू निर्मळ होता याविषयी शंका नाही. पण ज्या हातांनी दानपत्रांच्या नोंदी ठेवावयाच्या, मोजणी करवावयाची, तलाठ्याकडे खेपा घालावयाच्या आणि नव्या शेतकऱ्याला पहिल्या पावसापर्यंत धीर द्यावयाचा, ते हातच विखुरले.

एकट्या याच निर्णयाने पुढचे सारे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक दाने मुळातच खडकाळ, नदीकाठच्या वाळूची किंवा कज्ज्यात अडकलेल्या जमिनीची होती. काही ठिकाणी बापाने दिलेले मुलाने नाकारले, काही ठिकाणी तिसऱ्यानेच अतिक्रमण केले, आणि सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाई तर सर्वत्रच होती. परिणाम एवढाच की, मिळालेल्या चाळीस लाखांहून अधिक एकरांपैकी फार मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. ग्रामदानाचेही तसेच झाले. लाखाहून अधिक गावांचे संकल्प जाहीर झाले. कायद्याच्या कसोटीला उतरून ग्रामदानी ठरलेली गावे काही हजारच निघाली. तरीही लाखो एकर जमीन रक्ताचा थेंब न सांडता गरिबांच्या हाती गेली, हे जगाच्या इतिहासात अपूर्वच म्हटले पाहिजे.

दान हे क्षणाचे औदार्य असते. राखण हे पिढ्यांचे काम असते. दुसऱ्या देशांतील अनुभवही हेच सांगतो. विनोबांचा जन्म झाला त्याच १८९५ साली इंग्लंडात ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था स्थापिली. निसर्गरम्य आणि ऐतिहासिक जागा जनतेसाठी जपाव्या हा तिचा उद्देश. १९०७ साली पार्लमेंटने तिच्यासाठी कायदा केला आणि तिने अविक्रेय ठरविलेली भूमी कोणालाही विकता येणार नाही अशी तरतूद झाली. तिचे संस्थापक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. संस्था मात्र आजही उभी आहे. अमेरिकेतील भूमिविश्वस्त संस्थाही १९८२ साली, म्हणजे विनोबांच्या निधनाच्याच वर्षी, एका मध्यवर्ती संघात एकवटल्या. प्रत्येक जमिनीचे कागद सुरक्षित ठेवावे, वर्षातून एकदा तरी तेथे जाऊन पाहणी करावी, ती लिहून ठेवावी, आणि कोर्टकज्जा उद्भवल्यास तो लढविण्यासाठी निराळा निधी बाजूस काढावा, असे नियम त्यांनी स्वतःस घालून घेतले. हे नियम रुक्ष दिसतात खरे. पण भूमीचे खरे कुंपण तेच होत.

ग्रामदानाचे बीज मात्र त्या देशातही गेले. जॉर्जिया प्रांतात काळ्या शेतमजुरांना मताधिकारासाठी झगडल्याबद्दल मालक जमिनीवरून हुसकून लावीत. तेव्हा चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग, रॉबर्ट स्वान आदी कार्यकर्त्यांनी अन्य देशांतील प्रयोगांबरोबर विनोबांच्या ग्रामदानाचाही अभ्यास केला आणि १९६९ साली न्यू कम्युनिटीज ही संस्था स्थापून सुमारे ५,७०० एकर भूमी मिळविली. भूमी संस्थेची, ती कसणाऱ्यास दीर्घ मुदतीचा पट्टा, ही त्यामागील योजना. दुष्काळ आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडून १९८५ साली ती भूमी त्यांच्या हातून गेली. परंतु संघटना त्यांनी मोडू दिली नाही. कर्ज देताना सरकारी खात्याने वर्णभेद केला, या दाव्यात त्यांना २००९ साली भरपाई मिळाली आणि त्यातून १,६०० एकर भूमी त्यांनी पुन्हा घेतली. भूमी गेली तरी संघटना टिकल्यास भूमी परत येऊ शकते. संघटना गेली तर हातची भूमीही टिकत नाही.

आपल्याकडेही हे बीज करपलेले नाही. महाराष्ट्राने १९६४ साली ग्रामदानाचा कायदा केला होता. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाने प्रथम वर्षानुवर्षे ग्रामसभेची बैठक भरविण्याची, सर्वसंमतीने निर्णय घेण्याची आणि हिशेब उघडा ठेवण्याची सवय लाविली. त्या बळावर २००९ साली त्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०१३ साली गावकऱ्यांनी आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. पोचमपल्लीत आधी दान झाले आणि संघटना मागाहून शोधावी लागली. मेंढ्यात आधी संघटना झाली आणि दान मागाहून आले. या दोन गावांमध्ये साठ वर्षांचे शिक्षण साठविलेले आहे.

विनोबांचे अखेरचे दिवस पवनारला धाम नदीच्या तीरी गेले. तेथे १९५९ साली त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले होते. १९७० नंतर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन ते स्थान सोडले नाही. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर पुष्कळ टीका झाली आणि जयप्रकाशांचा व त्यांचा मार्ग वेगळा झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध वर्ज्य केले, आणि १५ नोव्हेंबर रोजी शांतपणे देह ठेवला. १९५८ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरविलेल्या या पुरुषास १९८३ साली मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र काहीच संपत्ती नव्हती.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी कोणाजवळ आज दान द्यावयास जमीन नसेल. पण शाळेचे पटांगण, गल्लीतले देऊळ, वाचनालय, गावाकडची तळी आणि गायराने ही सर्वांची म्हणून असलेली ठेव आपल्या चहूंकडे आहे. तिची नोंद कोठे आहे, ती कोणाच्या देखरेखीखाली आहे, तिचा हिशेब कोण ठेवतो, हे विचारावयास वयाची अट नाही. विनोबांच्या पायांची बरोबरी आपणांस करता यावयाची नाही. त्यांनी अर्धे टाकलेले वहीखात्याचे काम मात्र आपण निष्ठेने पुरे करू शकतो; आणि आमच्या मते त्या महात्म्याच्या स्मृतीस अर्पण करावयाची हीच खरी दक्षिणा होय.